घरच्या कुंडांतील शफरी

नाशिकक्षेत्रीं येणारा यात्रेकरू रामकुंडांत स्नान करतो, काळारामाचें दर्शन घेतो, तपोवनांत हिंडून येतो आणि सवड असल्यास त्र्यंबकेश्वराची वाट धरतो. गोदेच्या पाण्यांत तो बुडी मारतो खरा. परंतु त्या पाण्यांत वस्ती कोणाची, याची चौकशी तो सहसा करीत नाहीं. फार तर घाटावर बसून कणकेच्या चार गोळ्या पाण्यांत टाकतो, त्यांवर तुटून पडणारे मासे पाहून संतोष पावतो, आणि ज्या अर्थीं मासे आहेत त्या अर्थीं गंगेचें सर्व कुशल आहे, असें समजून घराकडे वळतो. (नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात.) त्या घोळक्यांत पुष्कळदां तिलापी नांवाचा जो मासा असतो, तो मूळचा आफ्रिकेंतला, आपल्या देशांत त्यास १९५२ सालीं मुद्दाम आणण्यांत आलें. तीर्थवासी समजून ज्याच्या मुखीं आपण घांस घालतों तो असा परदेशस्थ निघावा, याचें हंसूं येतें. पण हंसून सोडून देण्याजोगी ती गोष्ट नाहीं, हें पुढें कळून येईल.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हे मोठे मासे नव्हेत. बोटाच्या दोन पेरांहून फारसे लांब नसलेले जे इवलेसे मासे, ते घरांत कांचेच्या पेटींत किंवा मातीच्या कुंडांत ठेवून त्यांची वीण कशी वाढवितात, आणि या छंदाचा आमच्या गोदावरीशीं काय संबंध पोहोंचतो, हें सांगण्याचा विचार आहे. "ज्या घरांत मासा पानांत यावयाचा नाहीं, त्या घरांत तो पेटींत तरी कशाला?" असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, दशावतारांतील पहिला अवतारच मासा आहे, आणि त्याची जी जुनी हकीकत शतपथ ब्राह्मणांत आली आहे, ती घरीं मासा पाळल्याचीच हकीकत आहे. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक लहान मासा लागला. त्यानें मनूपाशीं अभय मागितलें. लहानपणीं मासाच माशाला गिळतो, तेव्हां आधीं घड्यांत, घडा अपुरा पडला म्हणजे खणलेल्या खड्ड्यांत, आणि तोही अपुरा पडला म्हणजे समुद्रांत आपणांस न्यावें, असें त्याचें मागणें होतें. पुढील प्रलयाचा व नौकेचा कथाभाग सर्वांस ठाऊक आहे. मोठ्यानें लहानास गिळण्याच्या या रीतीसच कौटिल्य मात्स्यन्याय म्हणतो. मत्स्यपालकाचीं पहिलीं दोन सूत्रें या कथेंत जशींच्या तशीं आहेत: पिलूं मोठ्यांपासून वेगळें करावें, आणि तें वाढेल तसें भांडें वाढवावें. तिसऱ्या सूत्राविषयीं, म्हणजे समुद्राविषयीं, वाद आहे. त्याकडे शेवटीं वळूं.

कांचेची पेटी ही अर्वाचीन वस्तू. चिनी लोक सोनेरी मासे हजार वर्षांपासून तळ्यांत आणि चिनी मातीच्या कुंड्यांत पोसत आले. परंतु बंद पाण्यांत मासा जगतो कसा, याचा शास्त्रीय उलगडा लंडनच्या वॉरिंग्टन नामक रसायनज्ञानें १८५० सालीं केला. मासे, पाणवनस्पती आणि कुजका पाला खाणाऱ्या गोगलगायी, असें त्रिकूट एकत्र ठेवल्यास पाणी महिनोन्महिने निर्मळ राहतें, हें त्यानें दाखविलें. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८६९ मध्यें पॅरिस येथें कार्बोनिए यानें चीनकडून आलेल्या रंगीत माशांची घरांत वीण करून दाखविली. आमच्या पिढीनें हा प्रकार प्रथम पाहिला तो बहुधा मुंबईस, १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत, तिकीट काढून व वडिलांचें बोट धरून.

आतां नाशकाकडे येऊं. आमचा एक जुना विद्यार्थी सराफ बाजारापासून हांकेच्या अंतरावर एका वाड्यांत राहतो. वाड्याचा दर्शनी भाग पडका झाला आहे. मागील चौक मात्र शाबूत. त्या चौकांत सिमेंटच्या चार टाक्या, दोन मातीचे रांजण आणि पडवींत ओळीनें मांडलेल्या कांचेच्या नऊ पेट्या. शाळेंत असतांना या मुलाचें शब्दरूपांकडे लक्ष नसे, तें कोठें असे हें आतां समजलें! त्याची आई, आमच्या वहिनी, आमच्याहून चार-पांच वर्षांनीं वडील. घरांत सोंवळें कडक; पहिली पेटी आली तेव्हां ती देवघराच्या भिंतीस लागतां कामा नये, एवढी एकच अट त्यांनीं घातली.

प्रारंभ बहुतेक जण गप्पी माशापासून करतात, तसा यानेंही केला. हें नांव ऐकून आपल्याकडे गप्पा आठवतात. वस्तुतः त्रिनिदाद बेटावरील गप्पी नांवाच्या गृहस्थानें या माशाचे नमुने लंडनला धाडले, आणि १८६६ मध्यें तेथील पंडितांनीं त्याचें नांव माशास दिलें. हिंदुस्थानांत तो डांसांच्या अळ्या खाणारा म्हणून आला. मलेरियाचा जंतू डांसाच्या पोटांत वाढतो, हें रॉस यानें सिकंदराबादेस १८९७ सालीं सिद्ध केल्यावर डांसांच्या शत्रूंस महत्त्व आलें, तें अद्याप टिकून आहे. नगरपालिकांचीं मलेरिया-खातीं बंदिस्त हौदांत हा मासा सोडतात, तो यामुळेंच. याची मादी अंडीं घालीत नाहीं. सुमारें चार आठवडे पोटांत वाढवून हालतीं-फिरतीं पिलें प्रसवते, एका वेळीं वीस, तीस, कधीं त्याहून अधिक. एकदां नराचा संग झाला म्हणजे त्या एका भांडवलावर ती पुढें कित्येक महिने एकामागून एक वेती काढते. म्हणजे दुकानांतून एकटी मादी आणली तरी घरीं गोकुळ होण्यास हरकत नाहीं. अडचण एकच, आणि ती मनूच्या माशानें आधींच सांगून ठेवली आहे: प्रसवल्याबरोबर आईच पिलें गिळूं लागते. म्हणून पेटींत पाणवनस्पतींचें दाट रान लागतें, किंवा पिलें ताबडतोब उचलून दुसऱ्या भांड्यांत न्यावीं लागतात.

दुसऱ्या पेटींत सयामी लढाऊ मासे होते. व्यापारी त्यांस फायटर म्हणतात. दोन नर एकत्र आले म्हणजे एकमेकांच्या शेपट्यांच्या चिंध्या करतात, म्हणून प्रत्येकास निराळी बरणी. पण हाच भांडकुदळ नर विणीच्या वेळीं लाळेनें बुडबुडे फुंकून पाण्याच्या पृष्ठावर फेंसाचें घरटें बांधतो, मादीनें घातलेलीं अंडीं खालीं पडूं लागलीं म्हणजे तोंडानें अलगद उचलून घरट्यांत ठेवतो, आणि पिलें बाहेर पडून पोहूं लागेपर्यंत जागचा हालत नाहीं. मादीस मात्र अंडीं होतांच पेटीबाहेर काढावें लागतें, नाहीं तर तो तिला मारतो. वहिनींनीं हें सर्व आम्हांस बोटानें दाखवीत सांगितलें व वर म्हणाल्या, "बापानें पोरांचें केलेलें मी आयुष्यांत येथेंच पाहिलें, मास्तर." आम्ही त्यावर कांहीं बोललों नाहीं.

पिलांच्या आहाराचा प्रश्न आला, तेव्हां या घरांत थोडा खडाष्टकाचा प्रसंग उद्भवला होता. पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून गाळून पिलांस द्यावा. वहिनींच्या घरांत अंडें शिजणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यानें दुसरा मार्ग धरला, आणि आमच्या मतें तोच अधिक चांगला आहे. केळ्याची साल किंवा कोबीचें पान शिळ्या पाण्यांत तीन-चार दिवस कुजूं दिलें म्हणजे त्या पाण्यांत सूक्ष्म जीव माजतात. नुकतेंच पोहूं लागलेल्या पिलास एवढाच घांस झेंपतो. बलक पाण्यांत पडून सडतो आणि पिलें मारतो; हे जीव जिवंत असल्यामुळें, बेतानें दिल्यास तसा धोका राहत नाहीं. आठवडाभरानें पिलें थोडीं मोठीं झालीं म्हणजे रांजणांत साचवलेल्या हिरव्या पाण्यांतील पाणपिसवा गाळून घालतो. केळ्याच्या सालीस वहिनींची हरकत नव्हती. वास मात्र फार सुटतो, अशी तक्रार त्यांनीं आमच्यासमोर नोंदविली.

परंतु या छंदाचें मर्म खाण्यांत नाहीं. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, तो माशांचे कल्ले जाळतो. म्हणून पाणी निदान एक अहोरात्र उघड्या भांड्यांत ठेवावें लागतें. (जंतुनाशासाठीं क्लोरामीन वापरलेलें असेल तर एवढ्यानें भागत नाहीं, औषध घालावें लागतें.) माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया हें विष होतें; तें पचविणारे अदृश्य जंतू नव्या पेटींत नसतात, त्यांची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे जातात. ज्यांनीं हें जाणलें नाहीं, ते हौसेनें पेटी आणतात, त्याच दिवशीं वीस मासे सोडतात, आणि आठ दिवसांत पेटी माळ्यावर जाते. अति स्वच्छतेनेंही हेंच होतें. दर आठवड्यास सर्व पाणी ओतून पेटी घासणारी गृहिणी माशांबरोबर त्या जंतूंचाही घात करते. चौथा हिस्सा पाणी बदलावें, तेंही तितकेंच उबदार. नाशिकची थंडी तर ठाऊकच आहे. पौषांत निफाडच्या बाजूस पारा कधीं कधीं पांच अंशांखालीं उतरतो, आणि या माशांस चोवीस ते अठ्ठावीस अंश हवेत. म्हणून पेट्यांत विजेचे तापक, आणि रात्रीं वरून गोधड्या. "गुरुजी," तो म्हणाला, "मासे पाळायचे नसतातच मुळीं; पाणी पाळायचें असतें."

आषाढांत एका रविवारीं त्याच्यासमवेत आम्ही नदीच्या वरच्या अंगास गेलों. नाशिकहून गंगापूरच्या रस्त्यानें चार-पांच मैलांवर सोमेश्वराचें देवालय लागतें. त्याच्यापुढें नदी काळ्या पाषाणांवरून कोसळते, त्या धबधब्यास हल्लीं दूधसागर म्हणतात. आणखी वर गंगापूरचें मातीचें धरण आहे. तें १९६५ सालीं पुरें झालें, आणि नाशिक शहर त्याचेंच पाणी पितें. सोमेश्वर हें नांव ऐकतांच आम्हांस कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर राजा आठवला. बाराव्या शतकांतील त्याच्या मानसोल्लास ग्रंथांत मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे; त्यांत माशांच्या जाती, त्यांचीं वसतिस्थानें, आणि कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, हें सर्व राजा सांगतो. मासे पकडण्यासाठीं का होईना, पण माशांकडे इतकें निरखून पाहणारा राजा आपल्याकडे होऊन गेला, हें शाळेंत कोणी शिकवीत नाहीं.

धबधब्याच्या बाजूस, प्रवाह जेथें मंदावतो तेथें गुडघाभर पाण्यांत उभें राहून त्यानें आम्हांस दाखविलें तें असें: अंगठ्याएवढे रुपेरी मासे, कल्ल्याच्या मागें एक काळा ठिपका, शेपटीजवळ दुसरा, नर असेल तर अंगावर लालसर झांक. शास्त्रांत याचें नांव पेथिया टिक्टो. त्यांतील पेथिया हा शब्द सिंहली भाषेंतला, लहान माशांचा वाचक. याच्या एका जवळच्या भाऊबंदाचें नांव तर आम्हांस अधिकच गोड वाटलें: पुंटियस सोफोरे. हीं दोन्ही नांवें १८२२ सालीं गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या हॅमिल्टनपर्यंत पोहोंचतात, आणि त्यानें तीं बंगाली कोळ्यांच्या तोंडून उचललीं. अमरकोशांत शफरी आणि प्रोष्ठी हे शब्द एकाच माशाचे दिले आहेत. बंगालींतला पुंटी हा प्रोष्ठीचा अपभ्रंश, आणि सोफोरे म्हणजे आपली शफरी! लॅटिनच्या वेषांत अमरसिंहच उभा आहे. आमच्या दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल साइक्स यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत केली, तेव्हां त्यानेंही येथील नांवें तशींच ठेवलीं. महसीर माशाच्या एका जातीस आजही जगभर टॉर खुद्री म्हणतात.

आणि तरीही शहरांतील दुकानांत या शफरीस जागा नाहीं. तेथें दक्षिण अमेरिकेचे, आफ्रिकेचे, सयामचे मासे मिळतात. हॅमिल्टननेंच वर्णन केलेला, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रा मासा आमच्याच देशांतला. त्याचीं पारदर्शक अंडीं पाहून ओरेगॉनच्या स्ट्रायसिंगर यानें १९८१ मध्यें आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठीं त्याची महती प्रसिद्ध केली, आणि आज जगांतल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत तो हजारोंनीं पोसला जातो. केरळाच्या नद्यांतील एका लाल रेघेच्या माशास परदेशीं इतकी मागणी आली कीं, नदींतून उपसून उपसून त्याची जात संकटांत सांपडली. २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्या कुळास नांव दिलें तें सह्याद्रिया. घरीं वीण करणारांचें खरें महत्त्व येथें आहे. जो मासा पेटींत जन्मला, त्याच्यासाठीं नदी उपसावी लागत नाहीं.

टिक्टोची वीण गप्पीसारखी सोपी नाहीं. हा मासा अंडीं वाटेल तेथें विखुरतो आणि मागें फिरून स्वतःच वेंचून खातो. म्हणून निराळ्या पेटीच्या तळाशीं कांचेच्या गोट्यांचा थर घालतात. अंडीं गोट्यांच्या फटींत घसरतात, तेथें आईबापांचें तोंड पोहोंचत नाहीं. परंतु मुहूर्त लागतो तो पावसाचाच. मृगाच्या सरीनंतर नदीस नवें, गार, गढूळ पाणी आलें म्हणजे मासे चढणीस लागतात, हें नदीकांठच्या प्रत्येक भोयाला ठाऊक आहे. तोच देखावा हा पडवींत करतो: सायंकाळीं शिळवलेलें गार पाणी झारीनें पेटीवर शिंपडतो, आणि पहांटे नर मादीच्या पाठीस लागलेले दिसतात. अंडीं एक-दीड दिवसांत फुटतात.

परत येतांना रामकुंडापाशीं थोडें बसलों. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास येथील कुंडांचे तळ काँक्रीटनें बांधून काढले, त्यावरून पुढें मोठा वाद माजला. जिवंत झऱ्यांचीं तोंडें त्यानें बुजलीं, हें वाद घालणारांचें म्हणणें. २०१६ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास रामकुंड कोरडें पडलें व टँकरनें पाणी आणून भाविकांचें स्नान साधलें. आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत पुरानें दुतोंड्या मारुती बुडाला. आमच्या मनांत आलें तें यात्रेकरूंविषयीं नव्हे. उन्हाळ्यांत नदी आटली तरी डोहांतील कपारींत तग धरून पावसाची वाट पाहणें, हा शफरीचा परंपरेचा उपाय. कपारच नाहीं तर तिनें जावें कोठें?

वाड्यांत परतल्यावर चहाच्या वेळीं वहिनींनीं सहज सांगितलें, "पिलें फार झालीं कीं मी सोमवारीं थोडीं गंगेंत सोडतें. जीव सुटतो, तेवढेंच पुण्य."

मुलगा चटकन म्हणाला, "आई, किती वेळां सांगितलें, तसें सोडायचें नाहीं म्हणून!"

"मग काय मारूं त्यांना?" वहिनींचा स्वर चढला. "मास्तर, तुम्हीच सांगा. मनूनें नाहीं का सोडला?"

प्रश्न कठीण होता, कारण त्यांत दया होती. आम्ही त्यांस पाणवेलींची गोष्ट सांगितली. गोदेवर हिरवा गालिचा पसरतो, यंत्रें लावून काढला तरी पुन्हां येतो. ही वेल मूळ दक्षिण अमेरिकेंतली, जांभळीं फुलें सुंदर म्हणून कोणी तरी शोभेसाठीं तळ्यांत लावली. खालीं नांदूर मध्यमेश्वर येथें, कादवा व गोदावरी यांच्या संगमावरील बंधाऱ्याच्या पाणवठ्यास, पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून १९८६ मध्यें मान्यता मिळाली, आणि रामसरच्या जागतिक यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव त्याचें लागल्याचें २०२० सालीं जाहीर झालें. नाशकांत नदींत जें पडेल तें वाहत शेवटीं तेथें जातें. आंध्रांतील तळ्यांत आज कोळ्यांचीं जाळीं फाडणारा जो काटेरी तोंडचोष्या मासा माजला आहे, तो शौकिनांच्या पेट्यांतूनच निसटला. गप्पी डांसांच्या अळ्या खातो तशीं दुसऱ्या माशांचीं अंडींही खातो. एक जीव सोडवावा आणि त्यानें शंभर गिळावे, याचा जमाखर्च कोणत्या वहीत लिहावयाचा?

"आणि मनूनें मासा समुद्रांत सोडला तो त्याच्या मागण्यावरून, वहिनी, तें त्याचें घर होतें. गप्पीचें घर त्रिनिदादला."

"तिकडे पोहोंचवायचें म्हणजे खर्च फार," वहिनी म्हणाल्या, आणि उठून आंत गेल्या. त्यांस पटलें किंवा कसें, हें त्या दिवशीं समजलें नाहीं. पुढें मुलानें कळविलें कीं, नर व मादी दोन वेगळ्या टाक्यांत ठेवण्याची कल्पना आईचीच. मादीच्या पोटामागें काळसर डाग दिसतो आणि नरास रंग चढूं लागतो, तेवढ्यावरून त्या चष्मा लावून स्वतः निवड करतात. उरलेले मासे छंदी मंडळींच्या पेट्यांत किंवा ओळखीच्या लोकांच्या बंद हौदांत जातात. नाल्यांत व विहिरींत मुळींच नाहीं.

टिक्टोचा प्रश्न मात्र निराळा आहे. तो गोदेचाच, मग त्याचीं घरीं वाढलेलीं पिलें सोमेश्वराच्या डोहांत परत सोडण्यास काय प्रत्यवाय? परंतु बाजारच्या माशांच्या सहवासानें पेटींत शिरलेला रोग त्यांच्याबरोबर नदींत जाईल, हें भय आहे, आणि एकाच जोडप्याची प्रजा वाढविल्यानें वंश दुबळा होतो, हेंही. जाणत्या शास्त्रज्ञास विचारल्यावांचून तो हें करणार नाहीं. या वर्षीच्या विणींतील बावीस पिलें वांचलीं. तीं पेटींत मावेनाशीं झालीं, म्हणून तुळशीवृंदावनामागील दुसऱ्या रांजणांत नेलीं आहेत. मांजर येतें, म्हणून वहिनींनीं वर जुनी मच्छरदाणी बांधली आहे.